अंथरुणाशेजारचा हिशेब

माझ्याकडे अकरा वह्या आहेत. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ऑगस्ट २०१३ मधली तारीख आहे आणि खाली माझ्याच अक्षरात ओळी आहेत : 'सकाळी ६ – डावी कूस. ८ – उजवी कूस. ९ – पेज, अर्धी वाटी, दोनदा ठसका. १० – पाठ.' सासूबाईंना (आम्ही त्यांना आत्या म्हणायचो) पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. विसरायला होतं, म्हणून लिहून ठेवत जा." मी लिहीत गेले. आत्या २०१९च्या ऑक्टोबरात गेल्या. सहा वर्षे आणि दोन महिने.

त्याआधी मी एका पतसंस्थेत क्लार्क होते. आत्यांसाठी दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढली, ती रजा कधी संपलीच नाही. त्या गेल्यावर वह्या रद्दीत घालायला काढल्या, पण जमा-खर्च मांडायची सवय हाताला होती. म्हणून २०१६ मधला एक साधा दिवस निवडला. ताप नाही, जखम नाही, पाहुणे नाहीत, असा. त्या दिवसाच्या नोंदींची बेरीज केली. भरवणे, पुसणे, कपडे व चादरी बदलणे-धुणे, कूस बदलणे, औषधे, व्यायाम, रात्रीचे उठणे, सगळे मिळून ९ तास ४० मिनिटे झाली. हा आकडा एका घरचा आणि एका दिवसाचा आहे, त्यावरून मी कोणताही सिद्धान्त मांडत नाही. पण एक प्रश्न मनात राहिला. पतसंस्थेत मी आठ तास बसायचे, त्याची नोंद पगारपत्रकात होती. हे साडेनऊ तास कोणत्या खात्यावर टाकायचे?

संशोधनाची पदवी माझ्याकडे नाही. बी.ए. केले तेही बाहेरून. या प्रश्नामागे लागून गेली काही वर्षे मी मिळेल ते वाचत आले आहे : कायदे, शासन निर्णय, सर्वेक्षणांचे अहवाल, इतर देशांच्या योजना. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

उपचार आणि शुश्रूषा

आधी दोन शब्द वेगळे करायला हवेत. उपचार म्हणजे आजार बरा करण्याचा किंवा आटोक्यात आणण्याचा प्रयत्न. त्याला सुरुवात आणि शेवट असतो, बिल असते, डिस्चार्ज असतो. दीर्घकालीन शुश्रूषा डिस्चार्जनंतर सुरू होते. माणसाला स्वतःच्या हाताने जे करता येत नाही ते दुसऱ्याने महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे करायचे. अभ्यासक त्यासाठी सहा साध्या गोष्टी तपासतात : कपडे घालणे, खोलीतल्या खोलीत चालणे, आंघोळ, जेवण, अंथरुणातून उठणे आणि शौचाला जाणे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर वार्धक्याचे मोठे सर्वेक्षण केले. त्यात साठीपुढच्या साधारण चारांपैकी एकाला यांतली निदान एक गोष्ट करताना अडचण होती. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते आणि ते वाढतेच आहे.

आपल्याकडच्या आरोग्य योजना जवळजवळ सगळ्या पहिल्या शब्दाच्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, दोन्ही रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हे मोठेच पाऊल आहे आणि त्याने अनेकांचे प्राण वाचतील. पण आयुष्मानच्या नियमात रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरता धरला आहे. आमच्या आत्या रुग्णालयात ११ दिवस होत्या आणि घरी, अंथरुणावर, सुमारे २२५० दिवस. प्राण वाचल्यानंतरच्या दिवसांचे काय, हा या लेखाचा विषय आहे.

वसाहतीने काय केले, काय उरले

मी लग्न होऊन वालचंदनगरला आले. ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठी, कळंबच्या शिवारात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ऊसमळे आणि पुढे १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा केला. साखरेच्या यंत्रांपासून सुरू झालेले इथले यंत्रकाम नंतर अणुभट्ट्यांच्या आणि अवकाशयानांच्या सुट्या भागांपर्यंत गेले. माळावर गाव वसले ते कारखान्याच्या भोवती : क्वार्टर, पाणी, दवाखाना, शाळा, बाजार. माझे सासरे मशीन शॉपमध्ये होते. ते सांगत, आसपासच्या गावांत कंदील होते तेव्हा वसाहतीत दिवे होते.

वसाहतीने एक गोष्ट डोळ्यांपुढे सिद्ध केली. पाणी, दिवा, औषध, शिक्षण या गोष्टी प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीवर मिळवायच्या नसतात, त्या एकत्र उभ्या करता येतात. पण जगात कुठल्याही कारखान्याच्या वसाहतीत ही सोय नोकरीला बांधलेली असते. नोकरी संपली की क्वार्टर सुटते. माणसे जंक्शनला, लासुर्ण्याला, निमसाखरला प्लॉट घेऊन घर बांधतात, कोणी मूळ गावी परततात. म्हणजे ज्या वयात आधाराची गरज वाढते, त्याच वयात एकत्र असलेली सोय मागे राहते. दुसरी गोष्ट, चांगल्यातल्या चांगल्या वसाहतीतही शुश्रूषा ही कधी सार्वजनिक सोय नव्हती. नळ दारापर्यंत आला, पण अंथरुणावरच्या माणसाला आंघोळ घालणे हे आतल्या खोलीतले काम राहिले आणि ते कोण करणार हे कोणी विचारले नाही, कारण उत्तर सर्वांना माहीत होते.

तीन योगायोग

आज आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे दिवस कसे जातील, हे तीन योगायोगांवर ठरते असे मला दिसले.

पहिला योगायोग : घरात सून किंवा मुलगी आहे का, आणि ती आपले काम सोडू शकते का. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरच्या माणसांची देखभाल करतात आणि त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे. यात मुलांची देखभालही आली. आता कायदा पाहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७चा कायदा मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर जबाबदारी टाकतो. प्रांताधिकाऱ्यांपुढचे न्यायाधिकरण दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च देववू शकते. 'मुले' या शब्दाच्या व्याख्येत सून नाही. तिला त्यात आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. मला सुनेवर आणखी एक कायदेशीर बोजा नकोच आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की कायदा पैशाविषयी बोलतो आणि अंगमेहनत करणारीचे नाव त्यात कुठेच येत नाही. ना जबाबदार म्हणून, ना हक्कदार म्हणून.

दुसरा योगायोग पैशाचा. २०१७ साली माझी पाठ धरली तेव्हा आम्ही एका ब्युरोत चौकशी केली. दिवसपाळीच्या बाईचे महिन्याला बारा हजार सांगितले. सासऱ्यांची पेन्शन त्याच्या पाचव्या हिश्शाएवढीही नव्हती. भविष्यनिर्वाह निधीची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १००० रुपये आहे. बरे, निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहून कमी. ज्याला महिना १८०० रुपये पेन्शन मिळते तो या हिशेबाने मर्यादेच्या वर गेला. त्याला योजनाही नाही आणि ब्युरोही परवडत नाही. श्रीमंताला पुण्यात सर्व सोयींची ज्येष्ठांची संकुले आहेत, अगदी निराधाराला तुटपुंजी का होईना योजना आहे. मधल्या प्रचंड गर्दीला फक्त सून आहे.

शेवटी आम्ही जवळच्या वाडीवरच्या एका मावशींना सकाळचे दोन तास बोलावले. त्या आत्यांना उचलायच्या तेव्हा आत्या घाबरायच्या नाहीत, इतका त्यांचा हात बसलेला होता. चार महिन्यांनी बोलता बोलता कळले की त्यांची स्वतःची आई घरी अंथरुणावर असते आणि या दोन तासांत तिच्यापाशी नऊ वर्षांची नात बसलेली असते. ती शाळेत उशिरा जायची. माझी सुटका त्या मुलीच्या शाळेच्या तासातून येत होती. शुश्रूषा 'परवडणारी' करा असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणाच्या जिवावर परवडते हेही पाहायला हवे.

तिसरा योगायोग अंतराचा. आत्यांचा कॅथेटर बदलायचा तर जीप ठरवायची, दोन माणसे उचलायला बोलवायची आणि अर्धा दिवस घालवायचा. काम दहा मिनिटांचे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी त्यांना एका रुग्णालयात नेले, तर तपासणीचा वार बदलला होता. दुसऱ्या खेपेला दाखला मिळाला, पण जीपच्या धक्क्यांनी माकडहाडावर जी जखम झाली ती भरायला सात आठवडे लागले. वहीत त्या आठवड्यांच्या नोंदी वेगळ्या शाईत आहेत. जो माणूस उठू शकत नाही हे सिद्ध करायचे आहे, त्यालाच उठून या असे सांगणारी व्यवस्था कागदावर सर्वांसाठी खुली असते, एवढेच.

हे शिकण्याचे काम आहे

आपल्याकडे या कामाला 'सेवा' म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण त्यात एक धोका आहे. सेवा ही आपोआप येते, तिला शिकवावे लागत नाही आणि तिचा मोबदला मागणे हलकेपणाचे, असे त्यात गृहीत धरले जाते. ज्यांनी 'सेवा' हाच शब्द आपल्या संस्थेच्या नावात घेतला त्यांचा विचार मात्र वेगळा होता. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची वाट करून दिली. घरात फुकट राबणाऱ्या विधवेचे तेच काम शिक्षण घेऊन, पगार घेऊन, मानाने करता येते हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवले.

पुण्यातच त्याच्याही आधी, १८६०च्या दशकात, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी आश्रयगृह उभे राहिले. आजची 'निवारा' ही संस्था ती हीच. पण अशा संस्था ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी होत्या. ज्याला घर आहे त्याचे घरात भागते, हे गृहीतक तेव्हाही होते आणि आजच्या योजनांतही तेच आहे.

जपानमधल्या सुना

हे गृहीतक मोडणारा देश म्हणून मी जपानचा अभ्यास केला, कारण तिथली परिस्थिती आपल्याशी फार जुळते. तिथेही सासूसासऱ्यांची शुश्रूषा सुनेची, हा दंडक होता. काही नगरपालिका 'आदर्श सून' म्हणून बक्षिसे देत. केइको हिगुची आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९८३ पासून संघटना बांधून याला विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते : बक्षीस नको, मदत द्या. १९९७ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून दीर्घ शुश्रूषेचा सार्वजनिक विमा लागू झाला.

त्याची रचना अशी आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा खर्च हप्त्यांतून, निम्मा सरकारी तिजोरीतून. विमा चालवते ती नगरपालिका. पासष्टीनंतर गरज पडली तर अर्ज करायचा, पक्षाघातासारख्या आजारात चाळिशीनंतरही. मग तपासनीस घरी येतो, ७४ मुद्द्यांची पाहणी करतो, समिती गरजेच्या सात पायऱ्यांपैकी एक ठरवते. ही पायरी ठरवताना घरात सून आहे की नाही हे धरत नाहीत, उत्पन्नही धरत नाहीत. माणसाच्या शरीराला किती मदत लागते एवढेच पाहतात. मग घरी येणारी मदतनीस, आंघोळीची सोय, दिवसाचे केंद्र, घरच्यांना विसावा म्हणून काही दिवसांचा मुक्काम यांतून निवड करायची आणि खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः द्यायचा. उत्पन्न जास्त असेल तर आता तीन दशांशापर्यंत.

एका मुद्द्यावर तिथे मोठा वाद झाला : मदत सेवेच्या रूपात द्यायची की रोख? जर्मनीने १९९५ मध्ये असाच विमा आणला तेव्हा दोन्ही पर्याय ठेवले आणि शिवाय घरी शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाचे पेन्शनचे हप्ते विम्यातून भरायला सुरुवात केली. जपानच्या स्त्रियांनी रोख रकमेला विरोध केला. पैसे घरात येतील, काम सुनेवरच राहील आणि आता तर 'पैसे मिळतात ना' असेही ऐकावे लागेल, ही त्यांची भीती. मला ती खरी वाटते. पण माझ्या पतसंस्थेच्या नोकरीनंतरची सहा वर्षे माझ्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात कोरी आहेत, म्हणून जर्मनीचा पेन्शनचा मुद्दाही मला सोडवत नाही. सेवा घरात यावी आणि शुश्रूषा करणारीच्या म्हातारपणाचा हप्ता तिच्या नावावर जमा व्हावा, असे दोन्ही मिळून मला योग्य वाटते.

जपानची व्यवस्था निर्दोष नाही. पासष्टीपुढच्यांचा सरासरी हप्ता चोवीस वर्षांत दुपटीहून जास्त झाला आणि काम करणारी माणसे मिळत नाहीत. पण 'हे आमच्या घरचे आहे' या वाक्याच्या जागी 'हे आमच्यापैकी कोणावरही येऊ शकते' हे वाक्य तिथे कायद्यात आले.

दारी येणारी नर्स

जपान श्रीमंत देश आहे, आपल्याला ते कसे जमणार, हा पहिला आक्षेप. म्हणून केरळ पाहू. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये वेदनाशामक सेवेचे काम सुरू झाले. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत गावकऱ्यांनी स्वयंसेवकांचे जाळे उभारले. विद्यार्थी, रिक्षावाले, दुकानदार आठवड्याचे काही तास देऊ लागले, लहान लहान वर्गण्या जमू लागल्या. २००८ मध्ये राज्याने धोरण जाहीर केले आणि ही सेवा ग्रामपंचायती व प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडली. प्रशिक्षित नर्स, आशा आणि स्वयंसेवक गाडीतून घरोघरी जातात. जखम धुतात, कॅथेटर बदलतात, घरच्या माणसाला शिकवतात, त्याचीही विचारपूस करतात. अंतराचा योगायोग त्यांनी असा उलटवला की रुग्ण जायचा तिथे नर्स येऊ लागली.

आपल्याकडे यासाठी लागणारा पाया अगदीच नाही असे नाही. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रांच्या बारा सेवांत वृद्धांची व वेदनाशामक सेवा लिहिलेली आहे. मार्गदर्शक सूचनांत गावातल्या ज्येष्ठांचे तीन गट करायला सांगितले आहेत : हिंडतेफिरते, हालचाल मर्यादित असलेले आणि अंथरुणावरचे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा राज्याचा नियम आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी मदतनीस भत्त्याची तरतूदही आहे. बारामतीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे सगळे सुटे भाग आहेत. मशीन शॉपमधल्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर जोडणी व्हायची आहे.

पैसा कुठून? रोजगार हमीचे उत्तर

याचे उत्तर मला टोकियोत नाही, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरमध्ये सापडले. वि. स. पागे यांनी तिथे १९६५ मध्ये गावात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठी पैसा उभा राहिला तो १९७५च्या व्यवसाय करातून. शहरातल्या पगारदाराच्या पावतीवर दरमहा जे दोनशे रुपये कापलेले दिसतात, ते मुळात दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामासाठी होते. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने टाकायची असे ठरले. पुढे २००५ मध्ये देशाने केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता.

यातले तत्त्व शुश्रूषेला जसेच्या तसे लागू पडते. पाऊस कोणाच्या शिवारात पडणार नाही हे आधी सांगता येत नाही, तसेच झटका कोणाच्या घरी येणार हेही नाही. अशा जोखमीवर एकेकट्याने बचत करणे हा उपाय महाग आणि अपुरा असतो. थोडे थोडे सर्वांनी घालावे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने हक्काने घ्यावे. व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेच्या २७६व्या कलमात वर्षाला २५०० रुपये अशी १९८८ पासून गोठलेली आहे, ती वाढवायची तर संसदेत जावे लागेल. तो एक मार्ग. ऊसपट्ट्यात टनामागे कपात करून निधी उभा करण्याची सवय जुनी आहे, तोही एक. मार्ग कोणता यावर मतभेद होऊ शकतात, पण महाराष्ट्राला अशा निधीची कल्पना परकी नाही.

आणि काम करणाऱ्या मावशींचे काय? त्याचेही उत्तर घरातच आहे. १९६९चा माथाडी कायदा पाहा. हमालाला एक मालक नसतो, रोज वेगवेगळ्या दुकानांत ओझी वाहायची. म्हणून मंडळ स्थापन झाले. हमालाची नोंद मंडळात, दुकानदाराने मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी द्यायचे. घरोघरी जाऊन माणसांना उचलणाऱ्या बाईची स्थिती याहून वेगळी नाही. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्यात माथाडीसारखी मजुरी आणि लेव्हीची साखळी नाही. ती जोडली, सोबत तीन-चार महिन्यांचे शिक्षण आणि दाखला दिला, तर मावशींना दर मिळेल आणि त्यांच्या आईपाशीही कोणी तरी बसेल.

माया कमी होईल का?

गावात मी हे बोलते तेव्हा एक आक्षेप हमखास येतो. सगळे बाहेरून मिळू लागले तर घरातली माया संपेल. माझ्या वह्या याला वेगळे उत्तर देतात. सुरुवातीच्या वह्यांत मधूनमधून कामापलीकडच्या ओळी आहेत : 'आज रेडिओवर भजन लागले, आत्यांनी डावा हात हलवला.' चौथ्या वर्षापासून अशा ओळी जवळजवळ नाहीत. फक्त कूस, पेज, औषध. त्या काळात मी आत्यांवर ओरडलेही आहे. ज्यांना उलट बोलता येत नव्हते त्यांच्यावर. तसे लिहिलेले नाही, पण मला आठवते. मावशी यायला लागल्यावर पुन्हा एका सकाळी मी आत्यांच्या केसांना तेल लावल्याची नोंद आहे. मायेला दम लागतो, आणि दम संपतो.

म्हणून माझ्या मते इंदापूर-बारामतीसारख्या भागात सुरुवात मोठ्या इमारतीने करू नये. उपकेंद्राने आपल्या गावात अंथरुणावर किती माणसे आहेत याची यादी करावी. दिव्यांग दाखल्याची तपासणी त्यांच्या घरी व्हावी. आठवड्यातून एकदा नर्सची गाडी यावी. तालुक्याच्या रुग्णालयात चार खाटा विसाव्यासाठी ठेवाव्यात, म्हणजे घरच्या बाईला आजारी पडायला, लग्नाला जायला, नुसते झोपायला आठ दिवस मिळतील. या चार गोष्टींसाठी नवा कायदाही लागत नाही. विमा, पेन्शनचा हप्ता, मदतनिसांचे मंडळ हे पुढचे आणि लढून मिळवायचे.

मी आता छप्पन्न वर्षांची आहे. गुडघे बोलतात. मुलगी पुण्यात नोकरीला आहे आणि तिने ती माझ्यासाठी सोडू नये असे मला मनापासून वाटते, म्हणजे हा सगळा हिशेब माझ्याही पुढच्या दिवसांचा आहे.

सहा वर्षांत मी एकाही भाऊबीजेला माहेरी गेले नाही. भाऊ यायचा, ओवाळून घ्यायचा आणि आत्यांच्या कूस बदलायच्या वेळेला मला हात लावायचा. जंक्शनजवळ राहणाऱ्या एका मुलीच्या सासऱ्यांना गेल्या वर्षी झटका आला. ती कूस कशी बदलायची ते विचारायला माझ्याकडे आली होती. या भाऊबीजेला मी तिच्या घरी दोन दिवस राहणार आहे आणि ती फलटणला माहेरी जाणार आहे. दोन दिवस मी देऊ शकते. तिसऱ्या दिवशी ती परत येईल आणि वहीत सकाळी सहाची नोंद तिच्याच अक्षरात असेल.